नक्कल खरी, पण तेवढीच नव्हे
अमेरिकी गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांचे १९४९ मधील ‘कन्फेशन ब्लूज’ हे गाणे म्हणजे त्या काळचे लोकप्रिय गायक-पियानोवादक नॅट किंग कोल यांची निव्वळ नक्कल, असे म्हणून लेखकाने आपल्या लेखात ते एका वाक्यात निकालात काढले आहे, हे पटले नाही. नक्कल होतीच, आणि ती खुद्द चार्ल्स यांनीही मोकळेपणाने कबूल केली होती. पियानो, गिटार आणि बास एवढाच, ड्रमविरहित ताफा हीसुद्धा कोल यांच्याकडूनच केलेली उसनवारी. परंतु विशीही न गाठलेल्या गायकाचे हे पदार्पणाचे गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या लोकप्रियता-यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, याचा साधा उल्लेखही लेखात नसावा?

शिवाय गायनाची ओळ संपता संपता पियानो तिला जे उत्तर देतो, ते कान देऊन ऐकल्यास १९५४ च्या ‘आय गॉट अ वुमन’ या त्यांच्याच गाण्यातल्या चार्ल्स यांची चाहूल, निदान मला तरी, तिथेच लागते; चर्चमधल्या गायकीचा तो खरखरीत जोश तेवढा आवाजात अजून उतरायचा होता.