वावेलचं गटार

मागच्या वर्षी क्राकोवला वावेल किल्ला बघायला गेलेलो. सगळी गर्दी खाली नदीकाठच्या त्या ड्रॅगनच्या पुतळ्यापाशी, तो तोंडातून आग सोडतो आणि पोरं किंचाळतात. मी मात्र तटाच्या कडेकडेने गटाराचं तोंड शोधत फिरत होतो. बायको म्हणाली, एवढे पैसे घालून पोलंडला आलो ते गटार बघायला?

हो, त्याच्यासाठीच. २ फेब्रुवारी १७७२ च्या पहाटे रशियाविरुद्ध उठलेल्या बंडखोर पोलिश सरदारांच्या बाजूने लढणारे फ्रेंच अधिकारी श्वाझी यांची माणसं सांडपाण्याच्या वाटेने आत शिरली आणि रशियन शिबंदी जागी होईपर्यंत किल्ला हातचा गेलेला. ऐकायला एकदम भारी, म्हणून प्रत्येकजण हेच सांगतो आणि इथेच थांबतो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

कारण खरी गोष्ट पुढची. रशियन सेनापती सुवोरोव सैन्य घेऊन आला, फेब्रुवारीअखेर केलेला हल्ला फसला, भिंती फोडायला मोठ्या तोफा नव्हत्या, मग सरळ वेढा घालून बसला. आत दाणागोटा संपत आला, घोडे कापून खायची वेळ आली, तरी हे लोक एप्रिलच्या शेवटापर्यंत टिकले. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे १७ फेब्रुवारीलाच, म्हणजे किल्ला घेऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते तेव्हा, रशिया आणि प्रशियाने पोलंड कसा वाटून घ्यायचा त्याचा करार पीटर्सबर्गमध्ये करून टाकलेला. आतले लोक घोड्याचं मांस मोजून वाढतायत, आणि तिकडे त्यांच्या देशाचे हिस्से ठरतायत.

आता कोणी लगेच स्वातंत्र्यवीर वगैरे म्हणेल. थांबा जरा. १७६८ ला बार गावात हे सरदार एकत्र आले ते रशियाच्या दादागिरीविरुद्ध, हे खरंच, पोलंडचा राजा पोनियातोव्स्की रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिचा जुना प्रियकर आणि तिच्याच जोरावर गादीवर बसलेला, तिचा वकील रेपनिन तर विरोधातल्या बिशपांना उचलून रशियात पाठवत होता. पण ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट लोकांना बरोबरीचे हक्क मिळू नयेत हाही त्यांचा हट्ट होताच, आणि कॅथरिनने नाक खुपसायला तेच निमित्त वापरलं. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

सुवोरोवने शरण आलेल्या श्वाझीची तलवार घेतली नाही, परत दिली म्हणतात. शिपाईगड्यांचा आपसातला मान, ठीक आहे.

५ ऑगस्टला फाळणीवर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिन्ही सत्तांच्या सह्या झाल्या, क्राकोव पोलंडकडेच राहिलं पण नदीपलीकडचा काठ ऑस्ट्रियाने घेतला. ज्या टीनिएत्सच्या मठातून श्वाझीची माणसं त्या रात्री निघाली होती तोही गेला. मी तटावरून विस्तुलाकडे बघत बराच वेळ उभा होतो, पात्र काही फार रुंद नाहीये हो, पलीकडे कुत्रं फिरवणारा माणूस नीट दिसत होता.