अडॅप्टर गाडीसोबतच मिळाला पाहिजे

मागच्या गणपतीत आम्ही न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला चाललो होतो. मेरीलँडमध्ये आय-९५ हायवेला लागून असलेल्या टेस्ला सुपरचार्जरवर, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या फास्ट चार्जरवर, थांबलो. मुलांना मराठीत ओरडत होते, तेवढ्यात शेजारच्या गाडीतले साठीतले गृहस्थ जवळ आले. "ताई, तुमच्याकडे अडॅप्टर आहे ना? माझा बघता का जरा?"

त्यांच्या हातातला अडॅप्टर पाहिला, म्हणजे टेस्लाचा प्लग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जोडणारा ठोकळा. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, जळका वास येत होता. चार्जिंग सुरू व्हायचं आणि पाच मिनिटांत गाडी स्वतःच बंद करायची. गाडी सेकंड-हॅन्ड घेतलेली. विकणाऱ्याने अडॅप्टर दिलाच नाही, म्हणून काकांनी ऑनलाइन सापडला त्यातला स्वस्तातला मागवला. त्यावर कुठल्याही चाचणीचा शिक्का नव्हता.

मी आमचा दिला. आमची गाडी २०२३ ची ह्युंदाई आयॉनिक ५, म्हणजे पोर्ट सीसीएसचं (टेस्ला सोडून इतर गाड्यांना इथे येणारा फास्ट चार्जिंगचा प्लग), आणि आमचं चार्जिंग नुकतंच संपलं होतं. काकांची गाडी भरेपर्यंत पाऊण तास थांबलो. काकू डब्यातल्या करंज्या मुलांना देत होत्या आणि पुन्हा पुन्हा "तुम्हाला उशीर होतोय" म्हणत होत्या. उशिराचं मला काहीच वाटलं नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

ज्यांचा या गाड्यांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. टेस्लाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपला प्लग सगळ्यांसाठी खुला केला. २०२३ मध्ये फोर्ड, मग जनरल मोटर्स आणि पाठोपाठ जवळपास सगळेच त्यात आले. नव्या गाड्यांना आता तेच पोर्ट येऊ लागलंय. पण त्याआधीच्या सीसीएसवाल्या गाड्या आहेतच की रस्त्यावर, आणि त्या अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत. त्यांना सुपरचार्जरशी जोडणारा दुवा म्हणजे हा मुठीएवढा ठोकळा. पुण्यात माझ्या भावाला हा प्रश्न पडत नाही. तिथे नव्या गाड्यांना सीसीएस-२, म्हणजे सीसीएसचाच दुसरा प्रकार, येतं आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरलाही तीच गन असते.

या ठोकळ्यात मेंदू नसतो. चार्जर आणि गाडी एकमेकांशी थेट बोलतात, अडॅप्टर फक्त तांब्यातून वीज पुढे नेतो. म्हणूनच तो सोपा वाटतो आणि लोक फोनच्या चार्जरसारखा मागवतात. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे इथे जरा तपशिलात शिरते. घरच्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो. इथे ३०० अँपिअर जातात, तेही सलग वीस-पंचवीस मिनिटं. पिनांचा संपर्क जरा सैल असेल आणि तिथे एक हजारांश ओहम एवढाच अवरोध असेल, तरी ९० वॅट उष्णता तयार होते. जुना शंभर वॅटचा बल्ब आठवा. तेवढी धग त्या बंद प्लास्टिकमध्ये. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. चांगल्या अडॅप्टरमध्ये तापमान बघणारा सेन्सर असतो, कुलूप नीट बसतं, भर करंटमध्ये तो ओढून निघत नाही. स्वस्तातल्यात नेमकं हेच वाचवलेलं असतं.

आणि नामवंत कंपनीचा म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फोर्डने स्वतः दिलेल्या अडॅप्टरांपैकी काही वापरू नका, बदलून देतो, असं ग्राहकांना कळवलं. कालांतराने चार्जिंगचा वेग घटण्याची आणि पोर्टला इजा होण्याची शक्यता होती. मला यात फोर्डचं वागणं योग्य वाटतं. अडॅप्टर कोणाकडे गेलाय हे कंपनीला माहीत होतं, म्हणून निरोप पोचला. काकांना कोण कळवणार होतं?

म्हणून माझं ठाम मत आहे की अडॅप्टर हा गाडीचा भाग आहे. स्टेपनी, जॅक जसे बऱ्याच गाड्यांसोबत येतात तसाच तो यायला हवा, आणि गाडी विकली की नव्या मालकाकडे जायला हवा. फोर्डने सुरुवातीला फुकट दिला, ह्युंदाईने २०२५ मध्ये जुन्या ग्राहकांना फुकट दिला. जनरल मोटर्सने २२५ डॉलरला विकला. एवढ्या महागाच्या गाडीमागे ही रक्कम फार नाही, पण ती ग्राहकावर सोडली की कोणीतरी त्यातले शंभर वाचवणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

इथल्या ग्रुपवर "कुठला घेऊ" असे मेसेज रोज येतात, म्हणून माझं उत्तर एकदाच लिहिते. गाडीच्या कंपनीचा घ्या, नाहीतर यूएल २२५२ या अडॅप्टरांच्या सुरक्षेच्या मानकाखाली प्रमाणित असलेला. एसीचा (घरच्यासारख्या सावकाश चार्जिंगचा) अडॅप्टर वेगळा, डीसीचा (फास्ट चार्जिंगचा) वेगळा. दिसायला सारखे वाटले तरी एसीचा सुपरचार्जरवर अजिबात लावू नका. एका अडॅप्टरला दुसरा जोडू नका, एक्स्टेन्शन केबल नको. आधी चार्जरच्या हँडलला बसवा, टक्क वाजू द्या, मग गाडीत. काढताना आधी चार्जिंग थांबवा. आणि जुन्या १५० किलोवॅटच्या सुपरचार्जरवर आपल्या गाड्या मुळात चालतच नाहीत, तिथे अडॅप्टरला दोष देऊन खटपट करू नका. नव्या सुपरचार्जरवरही आमच्यासारख्या गाडीला वेग कमी मिळतो. आमची गाडी ३५० किलोवॅटच्या सीसीएसवर १० ते ८० टक्के वीसेक मिनिटांत जाते, सुपरचार्जरवर अर्धा तास लागतो, कारण तिची बॅटरी ८०० व्होल्टच्या जातीची आणि तिथले बहुतेक चार्जर ५०० पर्यंतच जातात.

निघताना काकांनी तो जळका अडॅप्टर कचऱ्याच्या डब्यात टाकायला नेला. मी थांबवलं. म्हटलं, फोटो काढा, विकणाऱ्याला पाठवा, पैसे मागा. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. पैसे मिळाले नव्हते, पण गाडीच्या कंपनीकडून नवा अडॅप्टर घेतला होता, आणि तो डिकीत न टाकता काकूंनी शिवलेल्या कापडी पिशवीत घालून पुढच्या सीटखाली ठेवला होता.