मुलांचं नाव कशाला पुढे करता?

दरवेळी तेच! कुणाचं तरी जुनंपानं उकरून काढायचं आणि मुलांचं नाव पुढे करून त्याच्या पोटावर पाय द्यायचा. जुलै २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्प्राउट या लहान मुलांच्या टीव्ही वाहिनीने निवेदिका मेलनी मार्टिनेझला असंच कामावरून काढलं. रोज संध्याकाळी ताऱ्याच्या बाहुल्याला शेजारी घेऊन ती चिमुरड्यांना झोपेकडे न्यायची. चूक काय? हे काम मिळण्याच्या कितीतरी आधी, मोठ्यांसाठी केलेली अर्ध्या मिनिटाची विडंबन-जाहिरात! ती नेटवर आल्याचं तर तिनेच वाहिनीला कळवलं होतं. डोकंच फिरतं माझं. आईबापांनी निषेधाची पत्रं लिहिली, पण वाहिनी ढिम्म. तीन वर्षांचं पोर ते विडंबन कुठे बघणार होतं? त्याला एवढंच कळलं, झोपताना येणारी ताई आज आलीच नाही.