‘एका पोटची’ म्हणजे नेमकी कोण? खाद्दुहवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते आहे. तुमचा सूर चिडका आहे, पण चिडण्याचं कारण खोटं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मेघालयातल्या खासी समाजावरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की खाद्दुह, म्हणजे सगळ्यांत धाकटी मुलगी, घराची मालकीण नसते, राखणदार असते. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पुरुषाकडे घर आलं की आपण त्याला बेधडक मालक म्हणतो, बाईकडे आलं की लगेच ‘राखणदार’ कसं आठवतं? वंशावळी काढत बसणं हा इंग्रजी अमदानीतला खेळ आहे, बायकांना सरळ विचारा, त्या सांगतील. आणि ‘मातृसत्ताक’ असा सोपा शब्द असताना ‘मातृवंशीय’, म्हणजे वंश आईकडून चालणारा, म्हणणं हे नुसतं पंडिती सोवळं.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. माझं वाक्य सरसकट होतं आणि तिथेच ते चुकलं. वडिलोपार्जित म्हणावं तर तिथे मालमत्ता आईकडून येते, म्हणून ‘कुळाकडून आलेली’ म्हणू. अशी मालमत्ता आणि स्वकमाईची मालमत्ता यांचे नियम वेगळे आहेत. स्वकमाईचं घर किंवा प्लॉट मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता यावा यासाठी खासी आणि जैंतिया लोकांकरता मेघालयात 1984 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे शिलाँगमध्ये नोकरीच्या पगारातून घर बांधलेली खाद्दुह त्या घराची मालकीणच. तिला राखणदार म्हणणं चूक.

कुळाकडून आलेल्या घराचं मात्र तसं नाही. तिथे ‘मालक कोण?’ हा एक प्रश्न विचारून भागत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. राहतं कोण? भाडं किंवा बागेतल्या सुपारीचे पैसे कोणाच्या हातात पडतात? विकायचं ठरलं तर कोणाकोणाची संमती लागते? आजारी आई, बिनलग्नाचा भाऊ, बायकोपासून वेगळा होऊन परतलेला भाऊ यांचं कोण बघतं? अंत्यसंस्काराचा खर्च कोणाच्या अंगावर? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बहुधा खाद्दुह येतं, शेवटच्या दोघांचंही तीच. मधल्या प्रश्नाला मात्र मामा आणि भाऊ पुढे येतात, त्यांना विचारल्याशिवाय तिला विकता येत नाही. आणि ज्या घरात जमीनजुमलाच नाही, तिथे तिच्या वाट्याला नुसती सेवा येते. हे लिहायचं मागच्या लेखात राहून गेलं.

पण ‘मामाची संमती लागते म्हणजे खरा मालक मामा’ हा निष्कर्षही तितकाच घाईचा. त्या मामाला त्यातलं काही स्वतःच्या मुलांना देता येत नाही, कारण त्याची मुलं त्याच्या कुळाची नसतात. ती त्याच्या बायकोच्या कुरची, म्हणजे कुळाची, आडनाव तिचं. जुन्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या धर्माच्या रीतीत दहनानंतर नवऱ्याच्या अस्थी बायकोच्या कुळाच्या मावबाहमध्ये, म्हणजे दगडी अस्थिघरात, ठेवत नाहीत. त्या त्याच्या आईच्या कुळाकडे परत जातात. जन्मभर ज्या घरात राबला, तिथे त्याची हाडंसुद्धा राहत नाहीत. तेव्हा राखणदार म्हणायचंच तर दोघांनाही म्हणायला हवं होतं. मी एकटीलाच म्हटलं, हा तुमचा टोला बरोबर बसला.

आता वंशावळ. इथे मी अजिबात मागे हटणार नाही, कारण ‘सरळ विचारा’ म्हणणाऱ्यांचीच टिपणं सगळ्यांत जास्त चुकतात.

भावंडांचंच घ्या. खासीत मोठ्या भावंडाला हिन्मेन आणि धाकट्याला पारा म्हणतात, आणि मावशीची मुलंही त्यातच येतात. ‘तुम्ही भावंडं किती?’ असं विचारलं तर कोणी चार सांगेल, कोणी अकरा, आणि दोघंही खरं बोलत असतील. मग मराठी माणूस हुशारी करून विचारतो, ‘नाही, एका पोटची किती?’ इथे तर तो आणखी फसतो. कपोह म्हणजे पोट खरंच, पण एका पणजीच्या पोरीबाळींकडून वाढलेल्या सगळ्या गोतावळ्यालाही कपोहच म्हणतात. त्याच्या आतला, एका आजीचा गट म्हणजे ईंग, शब्दशः घर. कपोहच्या बाहेरचं, एकाच मूळ आजीपासून निघालेलं मोठं कुळ म्हणजे कुर. त्या मूळ आजीला इयावबेई म्हणतात.

म्हणून नात्याचा शब्द विचारायचाच नाही. प्रत्येक माणसासाठी त्याला जन्म देणाऱ्या बाईचं नाव लिहून घ्यायचं. सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून करायची, तिच्यावरून तिच्या आजीपर्यंत चढायचं आणि मग एकेका मुलीची फांदी धरून खाली यायचं. लहानपणी वारलेली मुलं, लग्न होऊन दुसरीकडे गेलेले मुलगे, परगावी असलेल्या मुली, सगळ्यांना जागा द्यायची. मुलगे गाळले की संमती देणारे मामा कोण ते नंतर कळत नाही. बापाचं नाव आणि त्याचा कुर वेगळ्या रकान्यात लिहायचा. तो रकाना रिकामा ठेवणं ही सर्रास होणारी चूक. वंश आईकडून चालतो म्हणजे बापाकडचं नातं मोजत नाहीत असं नाही. ‘तिप कुर तिप खा’, आईचं कुळ ओळख आणि बापाकडचे सगेही ओळख, ही खासी शिकवणीतली पायाची गोष्ट आहे. आणि एका कुरमध्ये लग्न हा सगळ्यांत मोठा निषेध असल्यामुळे कोणाचा कुर कुठला हे नीट माहीत असणं हा काही फावल्या वेळचा छंद नाही.

दुसरा खड्डा खुद्द खाद्दुहचाच. ही जागा आहे, निव्वळ जन्मक्रम नव्हे. धाकटी वारली तर तिच्या वरच्या बहिणीकडे जागा जाते. मुलीच नसतील तर मावशीच्या फांदीकडे वळते. जुन्या रीतीत धर्म सोडला किंवा कुरमध्येच लग्न केलं तरी ती जागा जाऊ शकते, कारण कुळधर्म तिनेच धरून ठेवायचा असतो. म्हणून ‘धाकटी कोण?’ आणि ‘खाद्दुह कोण?’ असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर तिथे थांबून खोदायचं, तिथेच त्या घराचा इतिहास असतो. 2011 च्या जनगणनेत मेघालयात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 75 टक्के होती. त्यामुळे ‘कुळधर्म कोणाकडे?’ विचारलं की बऱ्याच घरांत पुढे काही निघत नाही. त्याऐवजी विचारावं, आई शेवटी कोणाकडे होती, अंत्ययात्रा कोणत्या घरातून निघाली.

तिसरा खड्डा ‘घर’ मोजण्याचा. जैंतियातल्या प्नार लोकांत जुनी रीत अशी, की नवरा दिवसभर आईच्या घरी राहायचा, काम करायचा, जेवायचा आणि रात्री बायकोकडे जायचा. ‘एका चुलीवर जेवणारे’ ही नेहमीची व्याख्या लावली तर तो आईच्या घरात मोजला जातो आणि बायको कागदावर नवऱ्याविना घर चालवणारी ठरते. मग अशा तक्त्यांवरून कोणीतरी ‘टाकलेल्या बायकांचं प्रमाण’ काढतो. झोपतो कुठे, जेवतो कुठे, कमाई कुठे देतो, हे तीन रकाने पाडले की घोळ मिटतो.

आणि कागदपत्रं. सातबारा डोक्यात ठेवून तिकडे गेलात तर हाती काही लागणार नाही. खासी टेकड्यांच्या बहुतेक भागात सरकारी मोजणी होऊन तयार झालेला तसा उताराच नाही. जमिनीचे मुख्य प्रकार दोन: री क्यंती, म्हणजे कुळाची किंवा व्यक्तीची, आणि री राईड, म्हणजे सामाईक. कागदावर एकीचं नाव दिसलं तरी ते कुळातर्फे आहे की स्वतःचं, हे त्या कागदावरून कळेलच असं नाही. त्यासाठी पुन्हा वंशावळीकडेच यावं लागतं.

‘मातृसत्ताक’बद्दल फार लांबवत नाही. गावची सभा, दोरबार श्नोंग, ही परंपरेने पुरुषांची. कोंबडी आरवली तर जग बुडेल अशी म्हणच आहे, आणि ती सभेत बोलू पाहणाऱ्या बाईला ऐकवली जाते. 60 जागांच्या मेघालय विधानसभेत 2023 मध्ये महिला निवडून आल्या 3. उलट बाजूही आहे. खिरीम संस्थानात, स्मित या गावी, का सियेम साद, म्हणजे राजाची आई, बहीण किंवा भाची, मुख्य पुजारीण असते आणि तिच्याशिवाय नोंगक्रेमचा उत्सव होत नाही. पण तिथेही राज्यकारभार राजाकडे, आणि गादी जाते ती बहिणीच्या मुलाकडे. ‘बायकांचं राज्य’ हे पर्यटनाच्या जाहिरातीतच शोभतं.

शब्दापेक्षा मला जास्त खुपतं ते हे: वंश बाईवर चालतो म्हणून पहाराही बाईच्याच लग्नावर बसतो. पूर्वी बाहेरची बायको करून आणली तर तांग जाइत विधी करून तिच्या मुलांना नवं कुळनाव देत. ‘खार’ने सुरू होणारी कितीतरी आडनावं अशाच मैदानी आज्यांची आठवण आहेत. आणि 2018 मध्ये खासी स्वायत्त जिल्हा परिषदेने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं ते असं, की बिगरखासीशी लग्न करणाऱ्या खासी बाईचा आणि तिच्या मुलांचा खासी दर्जा जावा. ज्या समाजात सत्ता बाईकडे असती, तिथे असं विधेयक कोणत्या सभेत मंजूर झालं असतं?

मूळ लेखातलं ते वाक्य बदललं आहे. आता ते असं आहे: ‘कुळाकडून आलेल्या घरात खाद्दुह राहते, उत्पन्न घेते आणि सगळ्यांचं करते, विकायला मामा-भावांची संमती लागते, स्वकमाईवर हक्क तिचा एकटीचा.’ लांबलं, पण चालेल.