देवमाशाला किती पायऱ्या?

एसटीची पहिली पायरी ज्याने कुणी ठरवली, त्याला गुडघे नसावेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या पायरीशी त्यांची बोलचाल बंद आहे. घरात वॉकर, अंगणात चाकाची खुर्ची आणि बाकीचं जग ‘पाहू नंतर’. अशा माणसाने यंदा पोळ्याच्या दिवशी, पुरणपोळीचा दुसरा घास घेता घेता जाहीर केलं, "मले निळा देवमासा पाहाचा हाये."

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मुंबईचा समुद्र इथून सातशे किलोमीटरच्या घरात. गावातल्या निम्म्या लोकांनी खारं पाणी पाहिलं ते बोअरचं. पण मामाजींचं प्रकरण जुनं आहे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि दरवर्षी शाळेच्या मैदानावर फक्कीने ३० मीटर लांबीचा देवमासा आखायचे. पोरं शेपटीपासून तोंडापर्यंत पळायची आणि तिथे पोचल्यावर गुरुजी सांगायचे, "हा देव नाही अन् मासाही नाही. फुप्फुसानं श्वास घेते, पिल्लाले दूध पाजते. नाव ठेवणाऱ्याले शून्य मार्क." एवढी वर्षं जो प्राणी फक्कीचाच पाहिला, तो एकदा ओला पाहावा असं वाटलं तर चूक काय?

बंगलोरचे धाकटे भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, पैसे मी देतो. तुम्ही फक्त बोट ठरवा." हे ‘फक्त’ मी वहीत लिहून ठेवलं आहे. माझं गावात सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविमा. शेवटच्या तारखेच्या रात्री मी शंभर शेतकऱ्यांचे फॉर्म भरले आहेत. मला वाटलं, बोट ती काय!

जागा ठरायला वेळ लागला नाही. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा आहे. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून निळे देवमासे जवळ येतात. महिना मामाजींनी ठरवला. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तिकडचा समुद्र खवळतो, तेव्हा नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही तूर घरी येऊन हरभरा निघाला की मार्चमध्ये घर मोकळं. मी मध्येच सुचवून पाहिलं, दक्षिण आफ्रिकेत हर्मानस म्हणून गाव आहे, तिथे किनाऱ्यावर बसूनच देवमासे दिसतात, बोटीत चढायची भानगडच नाही. मामाजींनी फोटो पाहिला. "हा निळा नाही," म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

मग बोटवाल्यांना मेसेज सुरू झाले. मी विचारायची, पायऱ्या किती? उत्तर यायचं, ‘नो प्रॉब्लेम मॅडम.’ कठडा कोणत्या बाजूला? ‘नो प्रॉब्लेम मॅडम.’ संडासाचं दार किती इंच? याला अंगठा आला. एकाने ‘व्हीलचेअर चालते’ म्हणून फोटोच पाठवला. व्हीलचेअर होती, छान होती, धक्क्यावर उभी होती. बोट मागे पाण्यात होती. दोघींची ओळख झाल्याचं फोटोत कुठेच दिसत नव्हतं. दुसरा म्हणाला, देवमासा दिसला नाही तर दुसरी फेरी फुकट. धडधाकट माणसाला यात फायदा दिसेल. मला दिसल्या पुन्हा तेवढ्याच पायऱ्या. तिसरा फारच मनमिळाऊ होता. त्याने लिहिलं, काळजी करू नका, आमची चार दणकट पोरं बाबांना उचलून बोटीत ठेवतील. हे मी मामाजींना वाचून दाखवायला नको होतं.

"चार जणं उचलतीन ती येळ येईन तवा येईन," मामाजी म्हणाले. "तवा मी काही म्हणणार नाही. आता म्हणून रायलो."

तेव्हा आमच्या ह्यांनी रंगीत तालीम काढली. अंगणात बंडी आहे आणि तिची उंची ओट्याच्या बरोबरीला येते. ओटा म्हणजे धक्का, बंडी म्हणजे बोट. मध्ये हातभर फट ठेवली, चाकाला दगडाची उटी लावली आणि आमचा सालदार धुरा धरून हळूहळू वर-खाली करायला लागला, तो समुद्र. पहिल्या दहा मिनिटांत समुद्राला मजा वाटायला लागली आणि लाटा नको तेवढ्या मोठ्या झाल्या. कुंपणापलीकडे माणसं जमली.

"गुरुजीले कुठी नेऊन रायले?"

"देवमासा पाहाले."

"हाव का! आमच्यासाठीही एक नारळ फोडजा."

पण त्या बंडीने मला जे शिकवलं, ते एकाही बोटवाल्याने सांगितलं नव्हतं. मामाजींचा उजवा हात धड आहे. चढताना बंडीचा दांडा उजवीकडे होता, ते झोकात चढले. उतरायला तोंड फिरवलं, तर तोच दांडा डावीकडे! म्हणजे कठडा एकाच बाजूला असेल तर माणूस बोटीत जातो, परत येत नाही. उपाय मामाजींनीच काढला. उलट्या पावली उतरायचं, गाभाऱ्यातून बाहेर येतो तसं. कुंपणापलीकडच्या म्हातारीने हात जोडले.

नंतर बसायची जागा. एसटीत मागची सीट उसळते, म्हणून आपण पुढे जागा धरतो. बोटीत उलटं, तिचं नाक सगळ्यात जास्त उचलतं. वरच्या मजल्यावरून दिसतं झकास, पण झोकाही तिथेच मोठा, आणि जिना म्हणजे जवळजवळ शिडी. तेव्हा खालचा मजला, मधोमध किंवा जरा मागे, इंजिनाचा धूर येणार नाही एवढं पाहून. दोन बुडांची रुंद बोट मिळाली तर उत्तम, ती कमी कलंडते. खुर्चीला नुसते ब्रेक लावून भागत नाही, खुर्ची बांधावी लागते. त्यासाठी मामाजींनी दोन कासरे काढून ठेवले आहेत. खुर्ची बांधायची, माणूस मात्र मोकळा आणि अंगात लाइफ जॅकेट. ह्यांना यात काय अवघड ते कळेना, म्हणून मी एक कासरा त्यांच्या कमरेला बांधून विचारलं, आता बोट उलटली तर? मग कळलं.

राहिली लघवीची गोळी. मामाजी ती रोज सकाळी सहाला घेतात. बोट साडेसहाला सुटते आणि चार-पाच तास पाण्यावर असते. जगातला सगळ्यात मोठा प्राणी एकीकडे आणि ही एवढीशी गोळी दुसरीकडे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे.

शेवटी एक बोटवाला असा भेटला, ज्याने उलट मलाच विचारलं. बाबा धरून किती पावलं चालतात? बसल्यावर आधाराशिवाय उठतात का? वजन किती? मग धक्क्यावर टेप लावून व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमचं टॉयलेट २१ इंच, तुमची खुर्ची आत जाणार नाही. दाराशी उठून दोन पावलं टाकावी लागतील.’ तीन महिन्यांत मला आलेला हा पहिला ‘नाही’. मी त्याच रात्री बुकिंग केलं. मामाजींनी दुसऱ्या दिवसापासून न्हाणीच्या दाराशी दोन पावलांचा सराव धरला आहे.

त्याच माणसाने एक नियमही कळवला. देवमाशाच्या शंभर मीटरच्या आत बोट नेत नाहीत. हे ऐकून मामाजींचा मास्तर जागा झाला. नातवाला बोलावलं, फक्की आणवली आणि रस्त्यावर ३० मीटरचा देवमासा आखवला. डोकं आमच्या फाटकाशी आणि शेपटी पार पिठाच्या गिरणीपर्यंत. मग टेपाने शंभर मीटर मोजून खुर्ची मारुतीच्या पाराशी नेऊन लावली.

मामाजी बराच वेळ पाहत राहिले. मग एकदम ताठ बसले. "दिसला! पाह्य, शेपूट हालवून रायला!"

नातू माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे. शेजाऱ्यांची म्हैस आमच्या फाटकाशी उभी होती आणि माश्या हाकलत होती.

पायऱ्या मोजल्या, कठडा पाहिला, संडासाचे इंच काढले. डोळ्यांचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू दोन्हीकडे आहे म्हणून सांगितलं. एक डोळा जानेवारीत, एक फेब्रुवारीत. दवाखान्याला बाहेरून नऊ पायऱ्या आहेत, कठडा डाव्या बाजूला.