हळद तुझ्या हातालाच असेल

माझ्या कोळंबीच्या सॅलडपुढे 'इंडियन करी श्रिम्प, तिखट!' अशी चिठ्ठी कोणी लावली ते मला अजून कळलेलं नाही. संशय आहे, पण बोलत नाही. बोलून करू काय? राहायचं इथेच आहे, न्यू ऑर्लिन्सला खेटून असलेल्या मेटरीत, त्याच गल्लीत.

सध्या लेंट चालू आहे. ईस्टरच्या आधीचा हा उपासाचा काळ, शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणून गल्लीतल्या लोकांनी दर शुक्रवारी एकत्र जेवायचं ठरवलं, प्रत्येकाने माशाचा एकेक पदार्थ आणायचा. आमच्या रेवदंड्याला श्रावण लागला की मासे बंद होतात, इथे उपास लागला की सुरू होतात. इतकंच नाही, उपासाला मगर चालते. २०१० साली इथल्या आर्चबिशपांनी मगर माशांतच धरायची, असं लेखी कळवलंय. मी हे ऐकून खूप हसले होते. मग साबुदाणा आठवला, बटाटा आठवला, हिरवी मिरची आठवली. तिघंही मूळ अमेरिका खंडाकडचे आणि आमच्या एकादशीला पाटावर बसतात. हसू आवरलं.

तर मी रेमुलाड करायचं ठरवलं, म्हणजे मोहरीच्या सॉसमधलं कोळंबीचं सॅलड. अगदी इथलं. घरात हिंग, हळद, जिरं यांना दोन दिवस कपाटाबाहेर बंदी. मेक्सिकोच्या आखातातली कोळंबी आणली, एका पौंडात सोळा ते वीस बसतील अशी. लिंबू, तमालपत्र आणि मीठ घालून पाणी उकळलं, कोळंबी सालासकट टाकली, गॅस बंद, झाकण, मग थेट बर्फात. ही दोन मिनिटं चुकली की खोडरबर खायचा. सॉसला क्रिओल मोहरी, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेली जाडसर तपकिरी मोहरी, आपल्या लोणच्यातल्या मोहरीची लांबची बहीण. त्यात तेल, लसूण, पातीचा कांदा, सेलरी, हॉर्सरॅडिश आणि लाल रंगापुरती पॅप्रिका. हे रात्रभर मुरलं पाहिजे आणि सॅलडच्या पानांवर मात्र अगदी वाढताना घालायचं, नाहीतर पानं माना टाकतात.

शिवाय मिर्लिटन. इथले लोक त्याला 'मेलिटॉन' म्हणतात. कुंपणावर चढणाऱ्या वेलीचं फिकट हिरवं, सुरकुतल्या नासपतीसारखं फळ. बंगळूरकडे त्याला सीमेबदनेकाई म्हणतात. कच्चं सोलताना चीक असा चिकटतो की वाळल्यावर बोटांची कातडी ताणली जाते. दोन दिवस माझे हात कोणा दुसऱ्याचेच वाटत होते. हे हात लक्षात ठेवा.

शुक्रवारी भांडं टेबलावर ठेवलं आणि बर्फ आणायला गेले. परत येते तर ती चिठ्ठी, आणि भांडं टेबलाच्या टोकाला सरकवलेलं, कोणीतरी विकत आणलेल्या हुमुसच्या शेजारी. म्हणजे परदेश विभागात.

तेवढ्यात पाचव्या घरच्या मिस आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, केस निळसर पांढरे, सगळ्या जगाला 'बेबी' म्हणतात. त्यांनी चमच्याने सॅलड उचलून उजेडात धरलं, सराफ खडा धरतो तसं.

"हे काय आहे बेबी?"

"श्रिम्प रेमुलाड."

"लाल की पांढरं?"

"लाल."

"हे लाल नाही. नारिंगी आहे."

"पॅप्रिका आहे त्यात."

"आर्नोज रेस्टॉरंटमध्ये खाल्लंयस? तिथलं लाल असतं. १९१८ पासून." (आजी तेव्हा असाव्यात असा त्यांचा सूर होता.) "हळद घातलीस?"

"नाही."

"थोडीशी?"

"नाही हो. अजिबात नाही."

"चवीला लागतेय."

"तुम्ही अजून खाल्लं नाहीये."

मग त्यांनी खाल्लं. डोळे मिटले. मी उभी. मागे रांग थांबलेली.

"आहे हळद," त्या म्हणाल्या. आणि माझा हात आपल्या हातात घेऊन, फार मायेने, "तुझ्या हातालाच असेल बेबी."

चिकाने सुरकुतलेला तो हात मी तसाच त्यांच्या हातात राहू दिला. वयाचा मान म्हणून. खरं सांगायचं तर, काय बोलावं ते सुचलंच नाही. घरी आल्यावर सुचलं, रात्री दीड वाजता, चांगली सहा वाक्यं. आजी मात्र पुढे विचारत होत्या, टोमॅटो क्रिओल आहे का? मार्चमध्ये! तो इथल्या मातीतला टोमॅटो मे संपता संपता येतो हे मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक नसेल, हे शक्य नाही.

चिठ्ठीने आपलं काम केलंच. एक गृहस्थ "मला तिखट झेपत नाही" म्हणत लांबून वळले. दुसऱ्याने पहिल्या घासाआधीच पाणी पिऊन घेतलं. हे त्या लुइझियानातले लोक, जिथे १८६८ पासून टबॅस्को हा मिरचीचा सॉस बनतो! सकाळच्या अंड्यावर मिरचीचं पाणी शिंपडतात आणि माझ्या पॅप्रिकाला घाबरतात, जिला तिखट म्हणणं हा मिरचीचा अपमान आहे. अकरा वर्षं झाली इथे. 'किराणा आणते' न म्हणता त्यांच्यासारखं 'किराणा करते' म्हणते. दुकानदाराने एक कोळंबी वर टाकली की 'लान्याप' म्हणून हसते, जसं मंडईत कोथिंबिरीची काडी वर मिळाल्यावर हसायचे. तरी भांडं माझं म्हटलं की पिवळं दिसतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे कोळंबीची कोशिंबीरच की गं."

"तशी नाही गं आई."

"आणि हळद नाही घातलीस? मग वशट वास नाही आला?"

नवरा म्हणतो, सोड ना, भांडं रिकामं तर झालं! झालं. पण माझ्या रेमुलाडच्या नावाने नाही झालं, त्या करीच्या नावाने झालं. आणि त्यातल्या तीन वाट्या मिस आजींच्या. जाताना त्यांनी मला स्वतःच्या रेमुलाडची कृतीही सांगितली. बाटलीतलं मेयोनेज आणि केचप. हे पांढरंही नाही आणि लालही नाही, ते गुलाबी होतं. मी काही बोलले नाही.

काल पुढच्या शुक्रवारची यादी दारात आली. माझ्या घर क्रमांकापुढे आजींच्या थरथरत्या अक्षरात आधीच भरलेलं आहे: 'ते पिवळं सॅलड. दुप्पट.'