शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला भरती?

कोजागरी जवळ आली की तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. 'चंद्र अख्ख्या समुद्राला ओढतो. माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी, मग पौर्णिमेला आपल्यालाही भरती येणारच! म्हणूनच त्या रात्री वेडाचे झटके, भांडणं आणि बाळंतपणं वाढतात. ऋषींनी हे आधीच सांगून ठेवलंय: चंद्रमा मनसो जातः।' खाली जोडलेले हात. यंदा तो घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला. मावशी अलिबागची, म्हणून जास्त लागलं.

'भरती पौर्णिमेची' असं अलिबागकराने तरी म्हणू नये. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी गाठावी लागते, आणि त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. पौर्णिमेला येतं ते उधाण, आणि ते अमावस्येलाही येतं, कारण दोन्ही वेळा सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत पडते. चंद्र किती उजळलाय याच्याशी समुद्राला देणंघेणं नाही. ओढीनेच डोकं फिरत असेल, तर ते रोज दोनदा फिरायला हवं आणि अमावस्येला तर हमखास.

आता त्या ७० टक्क्यांचं. भरती येते ती पाणी आहे म्हणून, असं फॉरवर्ड धरून चालतो. तसं असतं तर आडातलं पाणीही समुद्रासारखं चढलं-उतरलं असतं. खरं कारण अंतर आहे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा चंद्राला जवळपास पावणेतेरा हजार किलोमीटर जवळ असते, त्यामुळे तिथे ओढ जास्त, पलीकडे कमी. या फरकाने पृथ्वी किंचित ताणली जाते. घट्ट जमीनसुद्धा तीसेक सेंटिमीटरपर्यंत वरखाली होते, तिच्यात कुठे ७० टक्के पाणी आहे? उलट भूमध्य समुद्रात पाणीच पाणी, पण बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी.

माणसाची उंची पावणेदोन मीटर. डोकं आणि पाय यांच्यावरच्या चंद्राच्या ओढीतला फरक शरीराच्या वजनाच्या साधारण तीस लाख कोटींव्या हिश्श्याएवढा भरतो. ७० किलोच्या माणसासाठी हे मिठाच्या एका कणाहून हजारो पटींनी हलकं. एवढ्याशा ओढीने कुणी सासूशी भांडत नाही.

बाळंतपणांची तर चक्क मोजणी झाली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात पाच वर्षांतल्या ५ लाख ६४ हजार जन्मांची चंद्राच्या कलांशी सांगड घालून पाहिली. काही निघालं नाही. वेड आणि गुन्ह्यांबद्दल जेम्स रॉटन आणि आयव्हन केली या संशोधकांनी १९८५ साली ३७ अभ्यास एकत्र तपासले. तिथेही दखल घेण्यासारखा संबंध सापडला नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे लोक मुळात अमावस्येला घाबरतात, पौर्णिमेची भीती ही पश्चिमेची. फॉरवर्डने ती आयात करून वर संस्कृतचा शिक्का मारला.

तो शिक्काही उलटा पडलाय. पुरुषसूक्तातल्या त्या ओळीत 'मनसः' ही पंचमी विभक्ती आहे: विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र झाला. चंद्र आपलं मन हलवतो, असं तिथे कुठेही नाही. लगेच पुढे आहे 'चक्षोः सूर्यो अजायत', म्हणजे डोळ्यापासून सूर्य झाला. त्या न्यायाने सूर्यग्रहणात सगळ्यांना तात्पुरतं आंधळं व्हायला हवं.

एक गोष्ट मात्र मावशीच्या बाजूची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्जेंटिनातल्या तोबा-क्वोम समाजाच्या लोकांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींत ते उशिरा झोपत आणि कमी झोपत. त्या रात्री संध्याकाळपासूनच चंद्र वर असतो, उजेड असतो, माणसं जागतात, हे पटण्यासारखं आहे. पण सिॲटलमधल्या विद्यार्थ्यांतही थोडंसं तसंच दिसलं, आणि दिव्यांच्या शहरात चांदण्याने कुणाची झोप उडावी, हे कोडं अजून सुटलेलं नाही. मावशीला हेच कळवलं. तिचं उत्तर आलं: 'बघ, मी म्हणत नव्हते?'